वायरमनच्या पिक्चरला चूलबंद आवतन

तीर्थरूप भुजंगराव दाजींना सेलूहून मेहुणा परमेश्वर याचा, पायाला हात लावून केला असं समजावं असा नमस्कार.

नवी कवळी आता बसली असेल असं धरून चालतो. आक्का म्हणत होती, कवळी लावल्यापासून तुम्ही कमी बोलता आणि बोललेलं जास्त खरं वाटतं. (हे तिचं म्हणणं. मला तुमचं बोलणं कवळीच्या आधीही खरंच वाटायचं, म्हणून तर त्याची धास्ती.) गुडघा कसा आहे? नांदेडच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, तरी तुम्ही गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते बघायला रोज चढता असं कळलं. उभी हयात येलदरीच्या धरणावर काढलेल्या माणसाला पाण्याची पातळी बघितल्याशिवाय चहा गोड लागत नाही, हे मी जाणतो. तरी जपावं. इकडं सगळे खुशाल. कापसाचं मार्केट सुरू झालंय, गाड्यांची रांग थेट आपल्या टॉकीजपर्यंत येते आणि सकाळी पायऱ्या झाडल्या की उशीभर कापूस निघतो.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मध्येच 'मुद्द्यावर ये' म्हणता. पत्राला तसं म्हणायची सोय नाही.

तर मुद्दा. दिवाळीला तुम्ही जेवून उठता उठता म्हणालात, "परमेश्वर, पिक्चर आता लोक मोबाइलवर बघतात. लग्न मात्र मोबाइलवर लागत नाही. टॉकीज मोडू, मंगल कार्यालय करू." नर्मदा टॉकीज आप्पांनी आईच्या नावानं बांधली, त्यात आक्काचा अर्धा वाटा, आणि तुम्ही घरचे जावई. जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची रीत आपल्यात नाही. म्हणून मी नाही म्हणालो नाही, फक्त तोंड एवढंसं केलं. तेव्हा तुम्हालाच दया आली आणि म्हणालात की एक पिक्चर शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला दाखव, मग मी टॉकीज मोडायच्या कागदावरच्या सहीचं नाव काढणार नाही. दाजी, त्या दिवसापासून माझं अन्न गेलं. ताटावर बसायचो आणि भिंतीकडं बघायचो. ही टॉकीज गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं, हे मला कळेना.

मग माझी नजर सुपरहिरोवर गेली. (सुपरहिरो म्हणजे अंगात अचाट ताकद असलेला माणूस. कपडे अंगापेक्षा एक नंबर लहान आणि तोंडाला फडकं, उन्हातान्हात मोटारसायकलवर निघालेल्या माणसासारखं.) 'महाबाहू'चा चौथा भाग आणला, विलायती, हिंदीत बोलणारा. साऱ्या जगात धो धो चाललाय, असं वितरकानं छातीवर हात ठेवून सांगितलं. स्टेशन रोडला बॅनर लावला, ऑटोवर भोंगा फिरवला. पहिल्या खेळाला जी चार टाळकी आली, त्यातली एक सोडून बाकीची कूलरच्या वाऱ्याला घोरत होती. जागे होते ते आपले सटवाजी पाटील. (आप्पांचे दोस्त. आपल्याकडं येऊन गेलेला एकही पिक्चर त्यांनी सोडलेला नाही.) इंटरव्हलला बाहेर आले आणि मला म्हणाले, मागलं काय झालंतं? मी म्हणालो, आधीचे तीन भाग मीही पाहिलेले नाहीत. त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्याच्या भावकीच्या भांडणात मधूनच नेऊन बसवल्यासारखं झालं, म्हणाले. कोण कुणाचा, कुणी कुणाचं काय खाल्लं, काही पत्ता नाही आणि नुसती हाणामारी. शिवाय तो खलनायक सगळं ब्रह्मांड नष्ट करायला निघालेला. यावर पाटील जे बोलले ते एखाद्या समीक्षकानं लिहून घ्यावं: "समदं ब्रह्मांडच जायलंय, तर येकट्या माह्या जीवाला काय घोर? मागं रडायला बी कुनी न्हाई."

रेणुकानंही तो पिक्चर पाहिला. काचेच्या माड्या धडाधड कोसळताना बघून तिनं विचारलं की एवढी काच झाडणार कोण. आणि घरी येताना म्हणाली, अख्ख्या पिक्चरमध्ये कुणी एक घास खाल्ला नाही. मी तिला सांगितलं, अगं ते सुपरहिरो आहेत. (बायकोला समजावून सांगताना माझा आवाज आपोआप मास्तरासारखा होतो, हे तुम्हाला माहीत आहेच.) दुसऱ्याच दिवशी महाबाहू पडद्यावरून उतरला. एवढा उडणारा गडी, पण सेलूत धावपट्टी मिळाली नाही.

दुसरा पिक्चर आणला तो दक्षिणेकडचा. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, इकडं सगळे वायरमनचा पिक्चर म्हणतात. काय पिक्चर आहे दाजी! एक साधा वायरमन खांबावर चढलेला असताना त्याच्यावर वीज पडते. गडी वाचतो, पण तेव्हापासून त्याच्या तळहातात करंट. नुसता हात लावला की दिवा पेटतो, बंद मोटार सुरू होते, गुंड चार हात लांब जाऊन पडतो. सगळं गाव त्याला देव मानतं, आणि हा मात्र आईला हात लावू शकत नाही. आई भाकरी करते, ताट लाकडी काठीनं पुढं सरकवते, आणि हा लांब बसून खातो. मी आधी एकट्यानं पाहिला तेव्हाच ठरवलं की हाच आपली टॉकीज वाचवणार.

पण नेमकी नगरपालिकेची निवडणूक. गावातले सगळे भोंगे उमेदवारांनी पळवलेले. बॅनर लावावा तर प्रत्येक खांबावर कुणीतरी हात जोडून उभा. जेवताना मी वैतागून रेणुकाला म्हणालो, आता काय घरोघर आवतन देत फिरू? ती काही बोलली नाही. (बायको गप्प राहिली की विषय संपला, असं आपण पुरुष समजतो.) दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेजारच्या बायकांना घेऊन, कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन निघाली. गल्ल्या झाल्या, जवळची खेडी झाली, माहेरी ताडकळसला निरोप गेला. दारोदार कुंकू लावून सांगत सुटली की रविवारी बाराला टॉकीजवर या, चूलबंद आवतन आहे.

दाजी, तुमच्या नांदेडात आता पत्रिकासुद्धा व्हॉट्सॲपवर येते, म्हणून आठवण देतो. एका माणसाचं आवतन वेगळं आणि चूलबंद वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आपल्याकडं जेवायला. लग्नातली बोलायची सवय, तिच्या तोंडून निघून गेलं असणार. मला हे कळलं रविवारी, तेही लोक आल्यावर.

आणि आले कसे म्हणता! टेम्पो, जीप, ट्रॅक्टर. बायका ठेवणीतली लुगडी नेसून, म्हातारे फेटे बांधून. मी दारात हात जोडून उभा, आणि जो येतो तो माझ्या डोक्यावर टोपी घालतो, खांद्यावर टॉवेल टाकतो. रेणुकाच्या ओटीत ब्लाऊजपीसचा ढीग. आहेर आणलेला माणूस परत कसा पाठवणार? बसवत गेलो. शेवटची ओळ भरली, मग पायऱ्या भरल्या, मग सतरंज्या टाकल्या. आप्पांच्या वेळेनंतर टॉकीज अशी भरलेली मी पाहिली नव्हती. माझा ऊर भरून आला. अजून पंगतीचं मला सुचलंच नव्हतं.

इंटरव्हल झाला. पडद्यावर वादळ सुटलेलं, गावाची वीज गेलेली, वायरमन भरलं ताट टाकून खांबाकडं पळालेला आणि आई ते ताट हातात घेऊन दारात उभी. दिवे लागले. लोक शांतपणे उठले आणि मागच्या सायकल स्टँडवर जमले. त्याच वेळी, तुम्ही कार्यालयासाठी मापं घ्यायला पाठवलेले इंजिनिअर साहेब तिथं टेप अंथरून उभे होते. लोकांनी जमिनीवर टेप पाहिला आणि त्याच्या कडेनं सरळ ओळीत मांडी घालून बसले. सटवाजी पाटलांनी मला हाक मारून विचारलं, पंगत कव्हा सुरू करायलास?

चूलबंदाचं मला कळलं ते तेव्हा. आवतन देऊन बोलावलेली एवढी माणसं उपाशी परत गेली असती, तर टॉकीज राहू द्या, तुमच्या मंगल कार्यालयातसुद्धा कुणी नवरदेव उभा केला नसता. तेवढ्यात जनरेटरच्या खोलीमागून धूर दिसला. बघतो तर रेणुका आणि ताडकळसच्या बायका चुली मांडून बसलेल्या, एका पातेल्यात भात रटरटतोय, दुसऱ्यात वरण. (ताडकळसचे लोक कुठंही निघाले तरी बरोबर एखादं पोतं असतंच, म्हणून मी देवाचे आभार मानले.) इंजिनिअर साहेबांच्या हातात कुणीतरी वरणाची बादली दिली. त्यांनी 'मी वाढपी नाही' असं दोनदा सांगून पाहिलं, मग पॅन्ट वर दुमडली आणि काय वाढलं म्हणता! ओळीनं, एक थेंब न सांडता. शिकलेला माणूस तो शिकलेलाच.

पण खरी गोष्ट याच्या आधीची. रेणुकाची चुलती केशरबाई, तिनं पहिलं वाढलेलं ताट उचललं आणि ती एकटीच आत निघाली. मला वाटलं म्हातारीला आत बसून जेवायचंय. मी मागं गेलो. तिनं ते ताट पडद्याखाली जमिनीवर ठेवलं, पदरानं झाकलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "लेकरू उपाशी खांबावर चढलंय, आन् आमी जेवायलोत. आधी त्याचं काढून ठिवा."

दाजी, मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, तुमच्यापासून काय लपवायचं.

ही गोष्ट बाहेर कळली आणि पंगतीत दुसरा विषय उरला नाही. भात शिजेल तसा इंटरव्हल लांबत गेला, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांनी मिळून वायरमनचा संसार हातात घेतला. कुणी म्हणालं त्यानं रबरी हातमोजे घालावेत, कुणी म्हणालं ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरच मुक्काम करावा. एका बाईनं भाची सुचवली, तर दुसरीनं करंट उतरल्याशिवाय पोरगी देऊ नका म्हणून सांगितलं. पंगत उठली आणि ऑपरेटरनं दुसरा भाग सोडला, तेव्हा टॉकीजमध्ये प्रेक्षक एकही नव्हता, सगळे त्याचे चुलते, मामा आणि मावश्या बसलेले. शेवटी आई अनवाणी ओल्या वावरात उभी राहते आणि त्याचा हात घट्ट धरते. सगळा करंट तिच्यातून मातीत उतरतो, तरी ती हात सोडत नाही. मग आहे तिथंच बसून ती त्याला भरवते. आपल्या टॉकीजमधल्या झाडून सगळ्या बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. पाटील उपरण्यानं तोंड झाकून बसले होते.

तेव्हा मला कारण सापडलं, दाजी. सुपरहिरो किती उंच उडतो याला काही अर्थ नाही. तो पडला तर ज्यांच्या पोटात कालवेल अशी माणसं खाली बसलेली पाहिजेत. महाबाहूला एवढी ताकद होती, पण वाट बघणारं कुणी नव्हतं. आमच्या वायरमनला अख्खी भावकी मिळाली. सोमवारपासून तीच माणसं पाहुण्यारावळ्यांना घेऊन, खिडकीवर तिकीट काढून येताहेत, आणि शेजारच्याला 'आता बघ आमचा गडी' म्हणून सांगताहेत. वितरकाचा फोन आला की मोठ्या शहरांत हा आठवड्यात उतरला, सेलूत कसा चाललाय? मी त्याला हे सगळं समजावून सांगितलं. तुम्ही अट घातली नसती तर हे ज्ञान मला झालं नसतं, म्हणून याचं श्रेय तुमच्याकडंच जातं.

लहानांना आशीर्वाद आणि तुम्हा उभयतांना पुन्हा नमस्कार.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला,
परमेश्वर

ता. क. : इंजिनिअर साहेब सांगतीलच, त्याआधी मी सांगतो. रविवारच्या त्या खेळाला तिकीट कुणीही काढलं नाही. कुंकू लावून बोलावलेल्याला तिकीट मागता येत नाही. पण तुमची अट टॉकीज भरलेली दाखव एवढीच होती, तिकिटाचा शब्द तुम्ही काढला नव्हता. आक्का साक्षीला आहे.

पुन्हा ता. क. : टॉकीजमध्ये आक्काचा अर्धा वाटा, म्हणून आहेरातल्या अर्ध्या टोप्या आणि अर्धे टॉवेल पार्सलनं पाठवतोय. सही करू नका दाजी. एवढ्यासाठीच सगळं लिहिलं.

दाजी, नमस्कार करते. मी रेणुका. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडं दिलं, म्हणून खाली जागा होती तिथं लिहिते. चूलबंद आवतन माझ्या तोंडून चुकून गेलं नव्हतं. तांदूळ न् डाळ मी आधीच माहेराहून आणून जनरेटरच्या खोलीत ठेवली होती. तुमचे इंजिनिअर त्याच रविवारी यावेत, हे मी अन् आक्कांनी फोनवर ठरवलं होतं, म्हणजे भरलेली टॉकीज तुमच्याच माणसानं बघितली असं होईल. सही आक्कांची लागते, आणि आक्का सही करणार न्हाईत. तुमच्यापुढं बोलायचा त्यांना धीर होत न्हाई, म्हणून मी सांगते. यांना मात्र यातलं काही कळू देऊ नका. दिवाळीपासून ताटावरून तसेच उठत होते. पिक्चर का चालला याचं कारण सापडल्यापासून दोन्ही वेळ पोटभर जेवायलेत.