वळलेल्या काट्यांचा कोष

मॅडम, ती प्रजाती नवी म्हणून मान्य झाली. दुपारी स्टाफरूममध्ये मेल आला, मी वाचला आणि तासाला गेले. परत आले तर कुणीतरी पेढे मागवले होते. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी एक पेढा खाल्ला. गोड होता, एवढंच कळलं.

तुम्ही आमच्या घरी आला होतात तो रविवार आठवतो. तुमच्या हाताखाली माझं भूशास्त्राचं एम.एस्सी. झालेलं, उत्तरेतल्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला जागा मिळालेली आणि अब्बा पाठवायला तयार नव्हते. ते दारात रिक्षा पुसतायत. तुम्ही चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जाता, अम्मीजवळ पाटावर बसता. अब्बा बाहेरूनच विचारतात, "मॅडम, दगड हितं लई हायत की. त्यासाठी एवढ्या लांब कशाला?" तुम्ही त्यांना नीट समजावून सांगता, की सोलापूरचा दगड लाव्हाचा, त्यात समुद्र नाही, आणि हिला ज्यांचा अभ्यास करायचाय ते जीव समुद्रातले. अब्बा बराच वेळ काच पुसत राहिले. मग अम्मीला म्हणाले, "जाने दे उसकू."

तिथं मी दगड आम्लात विरघळवायला शिकले. दगड जातो, खाली काळपट गाळ उरतो. तो काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. त्यात हे कोष सापडतात. समुद्रातला एकपेशीय जीव, दिवस वाईट आले की स्वतःभोवती कवच करून आत पडून राहतो आणि दिवस पालटले की कवचाचा एक तुकडा उचकटून निघून जातो. आपल्याला मिळतं ते मागं राहिलेलं कवच. एकदा असा एक कोष दिसला, ज्याचे काटे टोकाशी वळलेले होते. मी तुम्हाला फोटो पाठवला आणि फोनवर सांगून टाकलं की ही नवी प्रजाती आहे. तुम्ही म्हणालात, "तुला दिसलं म्हणून ते नवं होत नाही. काटे मुळात वळलेत की दाबानं दुमडलेत, एकावरून कसं सांगतेस? आणखी शोध." फोन ठेवून मी खूप रडले होते. तेव्हा मला रडू यायचं.

आणखी सापडायच्या आधीच तुम्ही गेलात. फोन आला तेव्हा माझा नमुना आम्लात होता. हातात जाड हातमोजे, म्हणून शेजारच्या मुलीनं फोन माझ्या कानाशी धरला. मी "बरं" म्हणाले आणि गाळ धुवायला घेतला. आम्ल पुरतं निघेपर्यंत पाणी बदलत राहावं लागतं, मध्येच सोडता येत नाही. संध्याकाळपर्यंत मी पाणी बदलत होते. मग जेवले. झोपही लागली.

पुढे सोलापूरला परतले, तुमच्याच विभागात शिकवू लागले. मध्यंतरी पूर्व किनाऱ्याकडच्या एका बोअरचे नमुने आमच्याकडे आले आणि त्यात तो कोष पुन्हा दिसला. एक नाही, प्रत्येक काचपट्टीवर. काटे सगळ्यांचे वळलेले, तसेच, त्याच बाजूला. म्हणजे मला दिसलं होतं ते बरोबर होतं. हे कळल्यावर मी जरा थांबले, आत काही होतंय का बघितलं. काही झालं नाही. मग वर्णन लिहायला घेतलं. त्यात क्रियापदं नसतात, हे तुम्हीच शिकवलेलं. कोष गोलसर, भिंत पातळ, काटे पोकळ, टोके वळलेली. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा बरोबरचे म्हणाले, मॅडमचं ठेवू या. मी काट्यांवरून ठेवलं. जो निघून गेलाय त्याच्या रिकाम्या कवचाला तुमचं नाव द्यायला हात धजला नाही. त्यांना मात्र एवढंच सांगितलं की खुणेवरून ठेवलेलं नाव सोयीचं पडतं.

संध्याकाळी अब्बांना सांगितलं. अलीकडे ते बरंच विसरतात. खूश झाले, माझा हात धरून म्हणाले, "मॅडमकू बोली क्या?" मी "हां" म्हणाले. मग इथं येऊन हे लिहायला बसले.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. वर तुमची वाक्यं लिहिली ती शब्दन् शब्द तुमची आहेत. पण लिहिताना ती मला माझ्याच आवाजात ऐकू आली. तुमचा आवाज मला आठवत नाही.