हिरवी पट्टी

प्रिय ज्योत्स्ना,

पत्र उघडताच नवीनबद्दल काय लिहिलंय ते तू शोधशील. त्याच्याशी लग्नाला आईला राजी करायचं काम तू दिवाळीपासून माझ्यावर सोपवलंयस, विसरलो नाही. पण आधी माझा एक गोंधळ ऐक.

तू बनवून पाठवलेला जुने फोटो साफ करायचा प्रोग्राम आधी मला मेलेलाच वाटायचा. पडद्यावर काही हलेना, म्हणून तीनदा मीच बंद केला. मग तू त्यात काम किती झालं ते दाखवणारी हिरवी पट्टी घातलीस. काल आमच्या लग्नाचा फोटो लावला. पट्टी तुरुतुरु नव्वद टक्क्यांपर्यंत धावली आणि नव्याण्णववर जी बसली, ती माझे दोन चहा झाले तरी उठेना. फोन केला तर तू हसलीस. किती वेळ लागेल ते प्रोग्रामलाच ठाऊक नसतं म्हणे. पट्टी आपली अंदाजाने सरकते, माणसाने घाईने बंद करू नये म्हणून. डोकंच चक्रावलं माझं. काम आत, पट्टी बाहेर, आणि दोघांची ओळखसुद्धा नाही? मग मी अर्धा तास बघत काय होतो?

पण रागावू तरी कोणत्या तोंडाने? मेडशीच्या स्टँडवर एकवीस वर्षं कंट्रोलर होतो मी. एसटी आगारातून हलली नसली तरी 'निघाली' सांगायचो. निघाली म्हटलं की माणूस पिशवीवर बसतो, शेंगा फोडतो, भांडत नाही. तू लहानपणी शेजारी स्टुलावर बसून हे ऐकायचीस. ही पट्टी तू माझ्याकडूनच उचललीस की काय, तेही समजेना.

दर रविवारी तू विचारतेस आणि मी सांगतो, बोलणं चालू आहे, थोडी नरमली, आता झालंच समज. पोरी, मी आईपुढे नवीनचं नावसुद्धा काढलं नव्हतं. परजातीचा जावई म्हणताच ती काय करेल, याची भीती वाटायची. लग्नाच्या त्या फोटोतही ती माझ्याकडे डोळे वटारूनच बघते आहे. फोनवर हे कबूल करायची हिंमत झाली नसती, म्हणून पत्र.

आज सकाळी सांगून टाकलं. ती तूर निवडत होती. दोन सुपं निवडून झाली, मी तसाच उभा. मग मान वर न करता म्हणाली, "त्याले कळण्याची भाकर चालते का?" आणि पुन्हा तूर. हे किती टक्के झालं, मला उमगत नाही. पट्ट्या तू करतेस, तूच सांग. आणि त्या ज्वारी-उडदाच्या भाकरीचं त्याला आजच विचार; तिने दुपारपासून दोनदा मला विचारलंय.

तुझाच, खोटं सांगून थकलेला,
बाबा