सर्वोत्तम कॅनडियनची बहीण

डनवेल, ऑगस्टचा तिसरा आठवडा

प्रिय मायरॉन,

पत्र बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. गेल्या महिन्यात जे ठीक होते ते अजून ठीक आहेत, आणि जे कुरकुरत होते ते कुरकुरताहेत. दर रविवारी मी फोन करते तसा या रविवारीही करीनच, पण जे सांगायचंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही. पत्र लांबलं आहे. डोकं दुखायला लागलं तर खाली ठेव, चहा कर, आणि मग पुन्हा उचल.

इकडे कापणी तोंडावर आलीय. तरी सकाळी साडेनऊला दुकानातल्या माझ्या कोपऱ्यात कॉफीची पंगत भरतेच. आता आठच डोकी उरलीत. खिडकीकडच्या खुर्चीत मेट्रोकाका. चाळीस वर्षं कोठारावर धान्याची वजनं केल्यामुळे ते समोरच्या माणसाकडे अजून वजनकाट्यावरचा ट्रक असल्यासारखं बघतात. त्यांच्यासमोर तुझा वर्गमित्र एल्विन. हिरव्या टोपीशिवाय तो समोर आला तर त्याची बायकोसुद्धा त्याला ओळखणार नाही. त्याच्या शेजारी लव्हॉन, शाळेची बस चालवणारी. मागच्या सीटवरच्या पोरांना गप्प करून करून तिचा आवाज कायमचा वर गेलाय. बाकीचे पाच जण माना डोलवायला आणि रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री संपवायला येतात.

विषय तोच. कॅनडियन फुटबॉलच्या आपल्या हिरव्या टीममध्ये लीगचं बक्षीस मिळवलेले जेवढे झाले, त्यांत सगळ्यांत मोठा कोण. बाबांनी घालून दिलेले नियम अजून चालतात. बक्षीस न मिळालेल्याचं नाव काढायचं नाही, मैदानात डोळ्यांनी न पाहिलेल्याबद्दल बोलायचं नाही, आणि मेलेल्याला नावं ठेवायची नाहीत. बाबा गेल्यावर पंचाची जागा माझ्याकडे आली, कारण किटली माझ्या हातात असते. मेट्रोकाका सुरू करतात, "डिक्सी हार्लन! दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू! एकदा नाही, दोनदा! बॉल कधी फेकला ते कळायचं नाही, पकडणाऱ्याच्या हातात दिसला की कळायचं." लगेच लव्हॉन, "हो ना, आणि थंडी पडली की विमानात बसून टेक्ससला आईच्या कुशीत! उणे चाळीसमध्ये एकदा गाडी चालू करून दाखवली असती ना, तर मीही त्याला मत दिलं असतं." मग मेट्रोकाका म्हणतात, बाई, तुझी बससुद्धा उणे चाळीसमध्ये चालू होत नाही, आणि टेबल हसतं.

मग एल्विनची पाळी. तो टोपी मागे सारतो. त्याने टोपी मागे सारली की मला कळतं, आता काय येणार. "मायरॉन पाश्कोव्स्की. आपल्या मातीतला. त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम कॅनडियन खेळाडू. आणि फायनलमध्ये डोक्यावर असा आपटला की सगळ्यांना वाटलं, संपलं. पोरगा भेलकांडत उठला, आणि पुढच्याच खेळीला त्यांचा गडी आडवा! आजच्या पोरांना नख दुखलं तरी डॉक्टर लागतो." त्या वेळी मी कप पुसायला घेते. अठरा वर्षं मी या गोष्टीला कप पुसतेय. एवढे स्वच्छ कप अख्ख्या सास्कॅचेवानात नसतील.

मायरॉन, मी मागच्या शरदात तुझ्याकडे केलोनाला आले होते, ते तुला आठवत असेल किंवा नसेल. भर दुपारी तुझे पडदे ओढलेले होते. कपाटाच्या दारांवर आत काय आहे ते लिहिलेलं होतं. गॅसवर चिठ्ठी, दारावर चिठ्ठी. फ्रिजवरच्या माझ्या फोटोखाली तू लिहिलं होतंस, "झेनी. बहीण. रविवारी फोन." मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. कॉलीन तुझा संसार सोडून का गेली ते तेव्हा मला कळलं, आणि तिच्याबद्दल इतकी वर्षं जे बोलले त्याची लाज वाटली. निघताना तू माझा हात धरून म्हणालास, गावात कोणाला सांगू नकोस, त्यांना मी होतो तसाच लक्षात राहू दे. मी शब्द दिला. तू इथेच येऊन राहतेस का, असंही तू विचारलंस, आणि मी दुकानाचं कारण पुढे केलं. दुकान विकत घ्यायला दोनदा गिऱ्हाईक येऊन गेलंय. कारण ते नव्हतं.

शब्द पाळायचा म्हणजे थापा आल्या. आधी म्हटलं, मायरॉन कामात आहे. कसल्या कामात? तर चेरीच्या बागांच्या. मग सुट्टीत का येत नाही? तर बोट घेतलीय. इथवर माझं. पुढचं पंगतीने केलं. मी फूटभर सांगितलं की ते गजभर करतात. आज तुझी बोट तीस फुटांची आहे, तिच्यात स्वयंपाकघर आहे, आणि मेट्रोकाकांना कोणीतरी सांगितलंय की तू तिचं नाव आईच्या नावावरून ठेवलंस. मीच लावलेलं रोप, आता तोडायला गेले तर माझ्यावरच पडेल. रोज सकाळी दुकान उघडताना हाच हिशेब, की आज कोणती थाप कालच्या थापेला धडकणार. बाहेर मैलोगणती मोकळं रान आहे, आणि मला चार फुटांच्या त्या टेबलाभोवती लपायला जागा नाही.

जूनमध्ये गावच्या बर्फावरच्या खेळांच्या रिंकला नवी भिंत झाली. भिंतीवर एकाच खेळाडूचं मोठं चित्र काढायचं ठरलं, आणि तो कोण हे पंगतीने सांगायचं. सप्टेंबरात, इथल्या कामगार दिनाच्या मॅचच्या आदल्या दिवशी अनावरण, आणि खेळाडू हयात असला तर त्याचं भाषण. चिठ्ठ्या एल्विनच्या टोपीत पडल्या. डिक्सी चार, मायरॉन चार. सगळी तोंडं माझ्याकडे वळली, कारण समसमान झालं की पंचाचं मत. इकडे आड, तिकडे विहीर. तुला मत द्यावं तर तुला स्टेजवर उभं करतील, न द्यावं तर सख्खी बहीण भावाविरुद्ध. मी मोठ्याने म्हटलं, डिक्सी हार्लन. वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! मग मेट्रोकाकांनी, ज्यांनी अठरा वर्षं तुझ्या नावाला नाक मुरडलं त्यांनी, टोपीतून आपली चिठ्ठी शोधून काढली, फाडली, आणि नवी लिहिली. म्हणाले, "घरच्या माणसाला मत द्यायला लाजणारी पोरगी मी पहिल्यांदा बघितली. अशा घरातलाच माणूस भिंतीवर पाहिजे." पाच विरुद्ध चार. लव्हॉनने मला मिठी मारली. एल्विनचे डोळे भरून आले. मी कॉफी ओतली ती कपाबाहेर.

मग आमंत्रणाचं पत्र आलं तुला. ते तू मला फोनवर दोनदा वाचून दाखवलंस, दोन्ही वेळा पहिल्यांदाच आल्यासारखं. मी इथे सांगत राहिले, कळवतो म्हणालाय, कळवतो म्हणालाय. या सोमवारी एल्विनने टेबलावर नकाशा पसरला. कळवायचं कशाला, तो आणि मेट्रोकाका ट्रक घेऊन केलोनाला येणार, दाराशी उभे राहून तुला चकित करणार आणि उचलून आणणार. सोळा तासांचा रस्ता, एल्विनने बायकोकडून बटाटा भरलेल्या तीन डझन पेरोगी करून घेतलेल्या, मेट्रोकाकांनी वाटेत चघळायला सूर्यफुलाच्या बियांची थैली घेतलेली. गुरुवारी पहाटे निघणार होते. मला डोळ्यांसमोर दिसलं. तू दार उघडतोस, समोर हसणारे दोन म्हातारे, आणि तुला त्यांची नावं आठवत नाहीत.

मी किटली खाली ठेवली आणि सांगितलं. बोट नाही. बाग नाही. पडदे, चिठ्ठ्या, कॉलीन, सगळं. तुझा शब्द मोडला, मायरॉन. इतका वेळ तुला वाटत असेल, हे पत्र त्याची माफी मागायला आहे. तीही मागते. पण ऐक, कोणी हसलं नाही, कोणी च्‌ च्‌ केलं नाही. एल्विनने टोपी काढली. खरंच त्याला ओळखणं कठीण आहे. मग लव्हॉन, तीसुद्धा हळू आवाजात, म्हणाली, "भाषण गेलं चुलीत. त्याला नुसता येऊन बसू दे. आम्ही आमची नावं शर्टावर लावतो, दर वेळी नव्याने ओळख करून देतो, आम्हाला कुठे दुसरा उद्योग आहे?" चित्र तुझंच होणार आहे. यायचं की नाही ते तुझ्यावर. एल्विनचा ट्रक तू म्हणशील तेव्हा निघेल, आणि मेट्रोकाका म्हणताहेत की ते बोलणार नाहीत, नुसते बिया खातील.

माझ्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. उतरलंही असतं. पण मेट्रोकाकांनी टेबलावर मूठ आपटली आणि विचारलं, "त्या फायनलला त्याला खेळू दिलं कोणत्या गाढवाने?" मग सगळ्यांनी कोचला शिव्या घातल्या, डॉक्टरला घातल्या, मालकाला घातल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात. मी फडकं उचललं आणि कप पुसायला लागले.

ते गाढव मी होते, मायरॉन. तुला आठवत नाही, म्हणून तू प्रत्येक फोनमध्ये म्हणतोस, झेनी, तू एकटीच होतीस जिने मला कधी खेळ म्हणून सांगितलं नाही, आणि आभार मानतोस. त्याच आभारांच्या भीतीने मी तुझ्याकडे राहायला आले नाही. अठरा वर्षांपूर्वी, फायनलच्या आधीच्या गुरुवारी तुला बक्षीस मिळालं. शुक्रवारी दुपारी चारला मी गावच्या हॉलमध्ये फायनलच्या जेवणावळीसाठी कोबीच्या पानांत भात भरत होते, बाबा शिडीवर चढून हिरव्या झिरमिळ्या लावत होते, आणि तू हॉटेलातून फोन केलास. उपांत्य सामन्यात डोक्याला लागल्यापासून सगळं दोन-दोन दिसतंय म्हणालास, सकाळी उलटी झाली म्हणालास, अजून कोणाला बोललो नाही म्हणालास. "डॉक्टरला सांगू का? तू म्हणशील तसं करतो." मी रिसीव्हर खांद्याने धरला होता, हात भाताने भरले होते, आणि मी म्हटलं, रविवारची फायनल काढ, सोमवारी सांग. दोनशे माणसांचा स्वयंपाक चालला होता, गावच्या दोन बसगाड्या सकाळीच मॅचला निघाल्या होत्या. पण खरं कारण ते नाही. गुरुवारपासून सगळं गाव मला सर्वोत्तम कॅनडियनची बहीण म्हणत होतं, आणि मला ते आवडत होतं. सोमवारी मिरवणूक निघाली, तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही, आणि तू आणखी दोन वर्षं खेळलास. उद्या साडेनऊला हे मी पंगतीलाही सांगणार आहे, पण आधी तुला लिहायचं होतं. फोनवर सांगितलं असतं तर पुढच्या रविवारपर्यंत तू विसरला असतास, पुन्हा माझे आभार मानले असतेस, आणि मी गप्प बसून ते घेतले असते. ती वाट मला बंद करायची होती. हे कळल्यावर तू ये म्हणालास तर मी दुकान विकून येईन, नको म्हणालास तर तोंड दाखवणार नाही. फक्त लगेच ठरवू नकोस. उद्या उठलास की हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुझीच, तू मला काहीही म्हणालास तरी तुझीच,
झेनी