डाव्या काखेतलं वल्हं

वस्ती, त्रिस्तान दा कुन्हा
३ ऑक्टोबर २०१२

सेल्विनास,

व्हिनीताईचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. बटाटे लावून झाले. आईची नजर मात्र आता पार गेली.

तुझं पार्सल बोटीने मिळालं. नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि एकदम राणी गादीवर बसल्याच्या साठीचं चांदीचं नाणं! सोबत चिठ्ठी एवढीच, 'आईला दे.' कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. बाबांच्या बटाट्याच्या जमिनीवर तुझा डोळा असणार. उगाच कोण कुणाला राणी पाठवतं?

आधी तर नाणंच खोटं वाटलं. आपल्या बेटाच्या नावाचं, पण बेटावर कुणी पाहिलेलंच नाही. म्हणून दुकानात नेलं. गल्ल्यावरच्या हर्बर्टने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"नाव आपलं आणि साधी तोंडओळख नाही! व्हिनी, राणीला सांग, उधारी बंद आहे." मग नाण्यामागची होडी बघून तो खो खो हसायला लागला. "अगं, सुकाणूचं वल्हं डाव्या काखेत! या लंडनवाल्यांनी जन्मात कधी होडी पाहिलीय का?"

सगळं दुकान हसलं. मला हसू येईना. डाव्या काखेत वल्हं धरणारा माणूस या बेटावर एकच होता.

घरी येऊन नाणं मुकाट्याने आईच्या हातात ठेवलं. राणीवरून तिचा अंगठा झरकन गेला. होडीवर मात्र फिरतच राहिला.

"तुझे बाबा," ती म्हणाली. "सेल्विननेच काढलेत. कधी येतोय तो?"

तू तिकडे लंडनला नाण्यांची चित्रं काढतोस, असं कुणीसं म्हणालं होतं. मी थाप समजले.

नऊ वर्षांपूर्वी त्या सकाळी बाबांशी भांडून तू होडीत चढला नाहीस. होडी परत आली नाही, आणि तू आईला तोंड न दाखवता निघून गेलास. त्याचा राग मला अजून आहे. तो एका नाण्याने जायचा नाही. पण भिंग लावून पाहिलं तर होडीत पुढची एक बैठक रिकामी दिसली. ती कुणाची, ते मला कळलं.

आई नाणं उशाशी घेऊन निजते. बोटीचा भोंगा वाजला की दाराकडे तोंड करून बसते. 'येतोय' असं मी तिला सांगून बसलेय. जानेवारीत केपटाऊनहून बोट सुटेल. जमीनच हवी असेल तर कुदळ धरायला ये.

तुझ्यावर अजून विश्वास न बसलेली,
आणि तरी तुझं अंथरूण उन्हात घातलेली,
व्हिनीताई