सात दहाचा परिंडा

प्रिय परीक्षित,

मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण जिना चढते. यंदा सांगानेरला ऊन लवकर तापलं, म्हणून पाखरांच्या पाण्याचा मातीचा परिंडा गच्चीत टांगला, बाबांनी बांधलेल्या तारेलाच.

रिटायर झाल्यावर बाबा घरभर वायरी ओढत असत, ते तू पाहिलं नाहीस. तू रेल्वेची नोकरी सोडून बंगळूरला गेलास आणि तुमचं बोलणं तुटलं, त्यानंतरचं हे. सिग्नल खात्यातला माणूस, प्रत्येक वायरीला चिठ्ठी. हॉलमध्ये निळे दिवे लुकलुकणारा डबा, गच्चीत परिंड्याकडे तोंड केलेला कॅमेरा. रोज सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पाणी भरायला जायचे. मी चिडवायची, "चिमण्या स्थळ बघायला येणार आहेत का?" ते नुसते हसायचे. शेवटच्या आठवड्यात धाप लागायची, तरी गेले. तेव्हाही मी टोचूनच बोलले.

तेराव्यानंतर घर आवरताना मी डबा, कॅमेरा सगळं कबाड्याला देऊन टाकलं. संध्याकाळी निघताना तू बूट घालता घालता विचारलंस, "आई, गच्चीतला कॅमेरा चालू आहे ना?" मी म्हटलं, "विकला. आता कोणाला बघायचंय?" तू बुटाची नाडी बांधलीस आणि निघालास. तेव्हापासून फोनवरही तुझं जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढंच.

मागच्या महिन्यात त्यांची वही उघडली. मला वाटायचं, पाखरांची नोंद असेल. पहिल्या पानावर होतं, 'परीक्षितला कॅमेऱ्याचा पासवर्ड पाठवला. उत्तर नाही.' चार दिवसांनी, '७.१० परीक्षित आला. ७.१६ गेला.' मग पानंच्या पानं तेच, स्टेशनात गाड्यांची नोंद ठेवतात तसं. लांबून कोणी कॅमेऱ्यातून बघितलं की त्याची वेळ त्या डब्यात उमटते, हे मला आता कळलं. शेवटची ओळ ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. दोन वर्षं तुम्ही रोज भेटत होता रे, आणि ते मी भंगारात घातलं.

लायब्ररीतून कॅमेरे जोडण्याचं एक हिंदी पुस्तक आणून दोनदा वाचलं. अडलं तिथे शेजारच्या प्रतिमाला विचारलं. नवा कॅमेरा बसवलाय. जरा तिरका आहे, परिंड्याबरोबर पाण्याची टाकीही दिसेल. वहीतला पत्ता आणि पासवर्ड तेच ठेवलेत, तुझ्याकडे असतीलच. फोनवर हे सांगवेना, म्हणून लिहिलं. सोमवारपासून सात दहाला मी पाणी भरीन. बोलायलाच हवं असं नाही. साडी इस्त्रीला टाकली आहे.

तुझीच,
आई