अप्पांची लक्ष्मी आणि रोमचा तिबेरियस

अप्पा, तुम्ही दिलेली लक्ष्मी रोमन निघाली. हे तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाल्यावर लिहिते आहे, कारण तुम्ही होता तेव्हा मला इतिहासातलं काही कळत नव्हतं, आणि कळायला लागलं तेव्हा विचारायला तुम्ही नव्हता.

इथे आखातात, रास अल खैमाला पाइपलाइनचा चर खणताना ते नाणं तुमच्या फावड्याला लागलं होतं. मी तेव्हा तिसरीत. शुक्रवारी तुम्ही घरी येता, हातरुमालाची गाठ सोडता आणि नाणं ओट्यावर ठेवून आईला म्हणता, "ही बघ, वाळूतून लक्ष्मी आली." चांदीच्या नाण्यावर खुर्चीत बसलेली बाई, हातात फांदी. फांदीला तुम्ही कमळ म्हणालात. कडेची अक्षरं मोडी ठरवलीत, आणि घरात कुणालाच मोडी येत नसल्यामुळे विषय तिथेच खलास. मागच्या बाजूला कोण माणूस आहे, असं मी विचारलं तर तुम्ही दटावलंत, "देवाची पाठ बघू नये."

मग बघितली नाही. दर दिवाळीला आई दंतमंजनाने नाणं लख्ख घासायची, तांदळाच्या राशीवर ठेवून हळदकुंकू वाहायची. आपल्या घरातली पहिली पदवीधर होऊन, जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरीला लागल्यावर, मागच्या दिवाळीत मी ते उलटं केलं. तो तिबेरियस होता, दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा सम्राट. आणि आपली लक्ष्मी म्हणजे, बरेच जाणकार मानतात त्याप्रमाणे, त्याची आई. या मायलेकांचं मुळीच पटत नसे. तो रोम सोडून एका बेटावर जाऊन राहिला आणि तिथून पत्रं धाडून राज्य चालवू लागला. आपण मात्र वर्षानुवर्षं त्याचं तोंड तांदळात खुपसून त्याच्या आईची आरती केली.

मी आईला सगळं सांगितलं. त्याची आई वारली तेव्हा तो अंत्यविधीलाही गेला नाही, हेसुद्धा.

"रजा मिळाली नसेल," आई म्हणाली.

"आई, तो राजा होता."

"मग तर मुळीच नसेल मिळाली. तुझी आजी गेली तेव्हा तुझ्या अप्पांना तरी कुठे मिळाली?"



इथल्या जमिनीत सापडलेली जुनी वस्तू इथल्या सरकारची, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाणं संग्रहालयात देऊन टाकू म्हटलं, तर आई महिनाभर ऐकेना. "त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या हातात ठेवलेली एवढीच वस्तू आहे," ती म्हणायची, आणि मी तिला प्रामाणिकपणा समजावत राहायचे. शेवटी एका सकाळी तिने स्वतःच नाणं कुंकवाच्या करंड्यात घातलं आणि म्हणाली, "यल्ला, चल." डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरापासून संग्रहालयापर्यंत टॅक्सीत मी सत्य, वारसा आणि नागरिकाचं कर्तव्य यांवर बोलत होते. आई करंडा मांडीवर धरून बाहेर बघत होती.

संग्रहालयातल्या अमिराती बाईंना हिंदी छान येत होती. त्यांनी भिंगातून बघितलं आणि आईला इकडच्या रीतीने 'मामा', म्हणजे आई, म्हणत विचारलं, "मामा, ये किसने साफ किया?"

"मैंने. हर साल. एकदम चकाचक," आई अभिमानाने म्हणाली.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. जुनी चांदी कधी घासायची नसते, तो काळेपणाच जपायचा असतो, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. मग विचारलं, "और इसकी नाक?"

तिबेरियसच्या नाकाच्या जागी नुसता गुळगुळीत उतार होता.

"वो भी मैंने ही किया होगा," आई म्हणाली. "दिवाली में एक दिन के लिए मिलेगा?"

"इन्शाल्ला, मामा."

आईने इथे वीस वर्षं काढली आहेत; 'इन्शाल्ला' हा गोड नकारही असतो, हे तिला कळतं. तिने पुन्हा विचारलं नाही. नाणं पुसायला पदर पुढे केला, आणि बाईंकडे बघून मागे घेतला.

परतताना ती म्हणाली, "नाक कसं गं गेलं? मी तर हलक्या हातानेच घासायचे."

मी खिडकीबाहेर बघत बसले. अप्पा, मागच्या दिवाळीत अक्षरं फोटोत नीट उठावीत म्हणून मी त्याच्यावर दंतमंजन घालून माझा इलेक्ट्रिक टूथब्रश चालवला होता. सुरू केला तेव्हा नाक होतं. आईला हे अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगता आलं, ते हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच.