मोशी ते चाकण, वेळेच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार
अर्जुनमामाची व्हॅन हातात आली. एसी बंद, पण पिकअप आहे. काम सोपं. सकाळी मोशीतून आठ बायका घ्यायच्या, सातच्या आत चाकणला कंपनीच्या गेटवर सोडायच्या. मामा म्हणाला, महिनाभर बघतो. बायकांची तक्रार नको, लेट पंच नको. जमलं तर रूट कायमचा तुझा, नाहीतर तू परत मोकळा. मोकळा हा शब्द मामा फार वाईट उच्चारतो.
आधीच्या नोकऱ्या टिकल्या नाहीत कारण त्या एका जागी बसून करायच्या होत्या. ही नोकरी स्वतःच चालते.
संकल्प : या वेळी टिकायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वेळेत पोचलो. चतुराबाई सगळ्यांत मोठी, दारापाशी बसते. म्हणाली, आरं, येवढा हॉर्न कशापायी, रस्ता मोकळाच हाय की. म्हटलं, मावशी, मोकळा का आहे? हॉर्नमुळेच. तिने पदर कानावर ओढून घेतला. पटलं असणार.

५ फेब्रुवारी, बुधवार
इंडिकेटरवर विचार केला. द्यायचा नाही. दिला की मागचा मुद्दाम वेग वाढवतो. शिवाय आपण कुठे वळणार ही आपली खाजगी गोष्ट आहे. आज एका टँकरवाल्याने खिडकीतून डोकं काढून माझ्या सगळ्या नातेवाइकांची चौकशी केली.
हेडलाइट अपरवरच ठेवतो. समोरच्यालाही तेवढाच उजेड.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीला सुट्टी. गाडी धुवायला निघालो, देहूला पोचलो. घाटावर बसून मासे बघितले. मासे एकमेकांना धडकत नाहीत, याचा अभ्यास व्हायला पाहिजे. मामाला सांगितलं, धुतली.

१० फेब्रुवारी, सोमवार
चार मिनिटं लेट. माझी चूक नाही. चिंबळी फाट्याला उलटलेला कंटेनर क्रेनने उचलत होते. असं रोज बघायला मिळत नाही. गाडी फक्त हळू केली, तर मागे ही लाइन! पूनम म्हणाली, दादा, तुम्ही बघा क्रेन, इकडं आमचा अर्धा दिवस कापतेत. लातूरकडची आहे, फटकळ.
संकल्प : नजर रस्त्यावर. फोन बंद.

११ फेब्रुवारी, मंगळवार
फोन घ्यावाच लागला. राजगुरुनगरचा मित्र ज्योतीराम ट्रक घेऊन केरळला चाललाय, चल म्हणतो. बोलताना जोरात चालवणं धोक्याचं, म्हणून उजव्या लेनने तीसच्या स्पीडने गेलो. इतकी सुरक्षित गाडी चालवली तरी लोक डावीकडून येऊन शिव्या देतात. परत लेट. चतुराबाई म्हणाली, तुजा फोन संपस्तवर आमची शिफ्ट सुटंल बाबा. सगळ्या हसल्या. गाडीत वातावरण खेळीमेळीचं आहे.
केरळला नाही म्हणालो. म्हणजे बघू म्हणालो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
वेळ भरून काढायचा उपाय सापडला. राँग साइड. कुरुळीच्या पुढे लाइन तुंबली होती. दुभाजकाच्या फटीतून पलीकडे घुसलो. थोडा वेळ राजासारखा गेलो. मग समोरून बस आली. मागे वळून बघतो तर माझं बघून घुसलेल्या रिक्षा, टेम्पो, पाण्याचा टँकर. कुणालाच हलता येईना. या लोकांना शिस्त म्हणून नाही.
पूनमने दार सरकवलं. एकेक करून सगळ्या उतरल्या, डबे छातीशी धरून गाड्यांमधून वाट काढत चालत निघाल्या. शेवटी चतुराबाई. म्हणाली, पायीच जायाचं व्हतं तर तुजी गाडी कशाला लावली रं?
रिकामी गाडी घेऊन गेटवर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. वॉचमन म्हणाला, कुणाला आणलंय?

१५ फेब्रुवारी, शनिवार
गाडीत सगळ्या आपसात कुजबुजत होत्या. मला चालवताना त्रास नको म्हणून असावं.
संध्याकाळी मामाचा फोन. म्हणाला, बायका भोसरीच्या व्हॅनवाल्या लालमहंमदला विचारतायत. मी हसलो. लालमहंमद? तो पहाटेच्या रिकाम्या सिग्नललाही थांबतो. पोचवणार कधी? आणि त्यांना माझी सवय झालीय. मामा म्हणाला, तीच तर भानगड आहे. सोमवारी एक जरी बाई कमी भरली, तर संध्याकाळी चावी माझ्या घरी.
संकल्प : सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर. केरळ रद्द.

१७ फेब्रुवारी, सोमवार
खरंच आधी पोचलो. बायकांना चालायला लागू नये म्हणून गाडी बरोबर थांब्यासमोर, रस्त्यातच उभी केली. कुणीच नव्हतं. बरं वाटलं. आज उशीर त्यांचा. ठरवलं, आल्या की एका शब्दाने बोलायचं नाही, मोठ्या मनाने दार उघडायचं.
मागे कुणीतरी हॉर्न देत होतं. खिडकीतून हात काढून सांगितलं, बाजूने जा. पलीकडे भाजीचा टेम्पो उभा, मागच्याला जायला जागा नव्हती. तरी हॉर्न. दोन मिनिटं धीर म्हणून नाही लोकांना. शेवटी उतरलो, म्हटलं, आज याला सुनावतोच.
पांढरी व्हॅन. स्टिअरिंगवर लालमहंमद. आत आठही जणी.
पूनमने तोंड फिरवलं. चतुराबाईने काच सरकवली. चिडली नव्हती. म्हणाली, जरा कडंला घे रं लेका, उशीर व्हतोय आमाला.
घेतली कडेला. लालमहंमदने जाताना हात वर केला, आभार मानायला. रस्त्यात मला असा हात आजपर्यंत कुणी केला नव्हता.
मामा घरी नव्हता. चावी खिळ्याला अडकवून आलो.